जुन्या कॅमेऱ्याची हरवलेली पुस्तिका

मुलुंडसारख्या उपनगरांत जुनें घर पाडावयाची वेळ आली कीं माळ्यावरून पुष्कळदां एखादा कॅमेरा निघतो; त्याची पुस्तिका मात्र रद्दींत केव्हांच गेलेली असते. तिच्यावांचून यंत्र हाताळणें महागांत पडतें. सोव्हिएट झोर्की-4 चेंच पाहा. त्यांत आधीं फिल्म पुढें सरकवून झडप ताणावयाची आणि मगच वेगाची चकती फिरवावयाची. क्रम उलटला तर आंतील यंत्रणा बिघडते. ही सूचना पुस्तिकेंत असते, कॅमेऱ्यावर नसते!

शोध घ्यावयाचा तो नांव व क्रमांक यांवरून. झोर्कीच्या क्रमांकाचे पहिले दोन अंक बहुधा निर्मितीचें वर्ष सांगतात. बडोद्यास बनलेल्या आग्फा क्लिक-3 वर ‘आग्फा-गेव्हर्ट’ हें जोडनांव दिसलें तर तो 1964 पूर्वींचा नव्हे, कारण त्या वर्षीं त्या दोन कंपन्या एक झाल्या.

हौशी संग्राहकांनीं पुष्कळ पुस्तिका इंटरनेटवर ठेविल्या आहेत. नेमकी न सांपडल्यास त्याच मालिकेंतील भावंडाची बहुधा चालते. मात्र फिल्मचा क्रमांक ताडून पाहावा. क्लिक-3 ला लागणारी 120 ची फिल्म आजहि मिळते. कोडॅकच्या 620 ची रुंदी तीच, पण रीळ बारीक, आणि तिचें उत्पादन 1995 मध्यें थांबलें. म्हणून अशा कॅमेऱ्यांतलें रिकामें रीळ फेकूं नये. 120 ची फिल्म अंधाऱ्या खोलींत त्यावरच गुंडाळून घ्यावी लागते.