एमपीआयच्या विंडोला जोडा आपली माहिती!
एमपीआय म्हणजे मेसेज पासिंग इंटरफेस. त्यातली विंडो म्हणजे इतर प्रोसेसना थेट वाचता-लिहिता येणारा मेमरीचा भाग. ही सोय १९९७च्या एमपीआय-२मध्ये आली. एकाच नोडवरच्या प्रोसेससाठी सामायिक मेमरीची विंडो २०१२च्या एमपीआय-३मध्ये.

या विंडोला आपली स्वतःची माहितीही अ‍ॅट्रिब्यूट म्हणून जोडता येते. लायब्ररी लिहिणाऱ्यांना हे फारच उपयोगी!

🔹 विन_क्रिएट_कीव्हॅल: की तयार करा.
🔹 विन_सेट_अ‍ॅट्र: पॉइंटर जोडा.
🔹 विन_गेट_अ‍ॅट्र: तो परत मिळवा, आधी ते सापडलं का हे सांगणारा फ्लॅग तपासा.

लक्षात ठेवा, अ‍ॅट्रिब्यूट त्या प्रोसेसपुरतंच असतं, इतरांना दिसत नाही. साठतो तो फक्त पॉइंटर, डेटाची प्रत नाही. म्हणून की बनवतानाच डिलीट कॉलबॅक द्या. विन_फ्रीच्या वेळी तो आपोआप चालतो, तिथेच मेमरी मोकळी करा. माहिती विंडोलाच जोडल्यामुळे ग्लोबल व्हेरिएबल्सचा पसारा टळतो. नक्की वापरून बघा!