डॉक्टरांची भागीदारी : दवाखाना एक, इमारतीचा हिशेब वेगळा

आपल्याकडे फॅमिली डॉक्टर म्हटले की एकट्याचा दवाखाना डोळ्यांसमोर येतो. ब्रिटनमध्ये मात्र बरेचसे फॅमिली डॉक्टर भागीदारीत दवाखाना चालवतात. आपल्या व्यापारी बांधवांनी समजून घ्यावा असा हा व्यवहार आहे.

तिथे ५ जुलै १९४८ रोजी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली. इस्पितळे सरकारकडे गेली, पण फॅमिली डॉक्टर सरकारचे नोकर झाले नाहीत, कंत्राटदार राहिले. मुख्यतः नोंदलेल्या रुग्णांच्या हिशेबाने दवाखान्याला पैसे मिळतात. नर्स, कारकून, वीज, औजारे यांचा खर्च वजा जाता जो नफा उरतो, तो भागीदार ठरल्या हिश्शाने वाटून घेतात.

अशा दवाखान्याचे गुडविल विकण्यास तिथे कायद्याने मनाई आहे. नवा भागीदार नावलौकिकापोटी एक पैही देत नाही. इमारतीची गोष्ट वेगळी. ती भागीदारांच्या मालकीची असेल तर सरकार तिच्या वापरापोटी भाड्याइतकी रक्कम देते. निवृत्त होणाऱ्याचा हिस्सा किंमत ठरवून बाकीच्यांनी घ्यायचा असतो. घेणारा कोणी मिळाला नाही, तर कर्ज, भाडेपट्टा आणि नोकरांची देणी शेवटी उरलेल्या भागीदाराच्या गळ्यात पडतात. जबाबदारी अमर्याद असल्याने त्याचे राहते घरही धोक्यात येऊ शकते. या धास्तीनेही अनेक तरुण डॉक्टर भागीदारीऐवजी पगारी नोकरी पसंत करतात.

लेखी करार नसेल तर तिथे १८९० चा भागीदारी कायदा लागू होतो : नफा समसमान, एका भागीदाराने नोटीस दिली की भागीदारी मोडली, एकाचा मृत्यू झाला तरी मोडली. आपला १९३२ चा कायदाही बराचसा त्याच वळणाचा आहे. शिवाय आपल्याकडे नोंदणी नसलेल्या पेढीला उधारी वसुलीचा दावा सहसा लावता येत नाही.

यंत्रमाग असो की कापडाची पेढी, भाऊ-भाऊ किंवा दोस्त तोंडी विश्वासावर धंदा सुरू करतात. वाद उठतो तो बहुधा एक जण निघताना किंवा वारस दारात आल्यावर. म्हणून चार गोष्टी आजच कागदावर आणा : जागा पेढीची की एकट्याची? निघणाऱ्याच्या हिश्शाची किंमत कोण ठरवणार? ती किती हप्त्यांत द्यायची? आणि मृत्यूनंतर पेढी चालू राहणार की नाही? मने जुळलेली आहेत तोवरच हा कागद सहज होतो.