दुसऱ्या बोलीची कसोटी

ब्रिजमध्ये पहिली बोली लावायला फार डोकं खाजवावं लागत नाही. बारा-तेरा गुण आणि बोलण्याजोगा एखादा रंग असला की ओपनर तोंड उघडतो. समोरच्या भिडूकडे सहा गुण असले की तोही उत्तर देतो. मग ओपनर दुसऱ्यांदा बोलतो. इथवरचं सगळं कुठल्याही प्राथमिक पुस्तकाच्या सुरुवातीच्या प्रकरणांत असतं. त्यानंतर पाळी परत येते ती उत्तर देणाऱ्या भिडूवर. आता त्याला भिडूचे दोन शब्द ऐकू आलेले असतात, स्वतःची तेरा पानं समोर दिसत असतात, आणि जोडीने कुठे थांबायचं हे बरेचदा त्यालाच ठरवायचं असतं. माझ्या मते ब्रिजमधला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. हुशार खेळाडूंच्याही हातून गुण निसटतात ते बहुतेकदा या वळणावर, आणि नीट विचार करायची सवय लावली तर सुधारणाही सर्वांत लवकर इथेच दिसते.

बोललात तरच मिळेल

या बोलीला एवढं वजन का आलं, याचं उत्तर खेळाच्या इतिहासात आहे. काँट्रॅक्ट ब्रिजच्या आधी ऑक्शन ब्रिज खेळला जाई. त्यात दोनची बोली लावून दहा हात केले तरी सगळे हात गेमच्या हिशेबात धरले जात. त्यामुळे स्वस्तात बोली मिळवायची आणि खेळून कमवायचं, एवढंच धोरण पुरत असे. १९२५ मध्ये अमेरिकन धनिक हॅरल्ड व्हँडरबिल्ट लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानाला निघाले होते. ‘फिनलंड’ नावाच्या त्या जहाजावर सोबत्यांबरोबर खेळताना त्यांनी गुणांची नवी पद्धत वापरून पाहिली. फ्रान्समधल्या ‘प्लाफाँ’ या खेळातली एक कल्पना त्यांनी तिच्यात घेतली होती: जेवढ्याची बोली लावाल तेवढ्याच हातांचं श्रेय गेमसाठी मिळेल. काँट्रॅक्ट ब्रिज जन्मला तो या एका नियमातून.

आकडे पाहिले की त्याची धार कळते. ड्युप्लिकेट ब्रिजमध्ये तुमची बाजू व्हल्नरेबल आहे, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे आहेत, आणि इस्पिक हुकूम करून तुम्ही दहा हात केले. बोली चारची असेल तर ६२० गुण मिळतात, दोनवरच थांबला असाल तर १७०. पानं तीच, खेळ तोच. ४५० गुणांचा फरक केवळ बोलीचा. उलट, नऊच हात होणार असतील आणि तुम्ही चार बोललात, तर १४० मिळण्याऐवजी १०० जातात. पुढे जायचं की थांबायचं, या प्रश्नाला एवढा भाव आहे, आणि तो सोडवण्याची वेळ बहुधा उत्तर देणाऱ्याच्या दुसऱ्या बोलीवर येते.

आधी कप्पा, मग रंग

एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ ही मोजणी मिल्टन वर्क यांनी रुजवली आणि चार्ल्स गोरेन यांनी १९४९ नंतर घरोघरी पोचवली. सगळे मिळून ४० गुण. इस्पिक, बदाम किंवा नो ट्रंपमधल्या गेमला दोघांचे मिळून २५-२६ लागतात, किलवर-चौकटमधल्या गेमला २८-२९, आणि लहान स्लॅमला साधारण ३३.

ओपनरचे किमान बारा धरले, तर उत्तर देणाऱ्याची पानं आपोआप चार कप्प्यांत बसतात. सहा ते नऊ गुण असतील तर गेमची आशा थोडी. सोयीची जागा शोधून थांबायचं. दहा ते बारा असतील तर भिडूला आमंत्रण द्यायचं, म्हणजे ‘तुझ्याकडे थोडं जास्त असेल तर गेम बोल’. तेरा ते पंधरा असतील तर गेम व्हायलाच हवा. कुठला, एवढंच शोधायचं. सोळा आणि वर असतील तर गेम गृहीत धरून स्लॅमची चाचपणी.

दुसऱ्या बोलीआधी स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न हा: मी कुठल्या कप्प्यात आहे? बरेच जण उलट्या क्रमाने जातात. आपला आवडता लांब रंग दिसला की तो पुन्हा बोलतात आणि ताकदीचा विचार मागाहून करतात. तोवर भिडू चुकीच्या समजुतीवर पुढे निघून गेलेला असतो.

दुसरा प्रश्न ओपनरबद्दल: त्याने आपली पानं किती नेमकी सांगितली? तो ‘एक नो ट्रंप’ बोलला तर त्याच्याकडे समतोल पानं आणि बारा ते चौदा गुण आहेत. त्याने तुमचा रंग एका पायरीने उचलला तर चार पानांचा आधार आणि बारा ते पंधरा. स्वतःचाच रंग दोनच्या पातळीवर परत बोलला तर साधारण सहा पानं आणि तेवढीच ताकद. या तिन्ही वेळा चित्र अरुंद आहे, बेरीज करता येते, आणि सुकाणू तुमच्या हाती आलेलं आहे. पण तो वरची पायरी न ओलांडता नवा रंग बोलला, तर त्याच्याकडे बारा असतील किंवा अठराही असतील. चित्र रुंद आहे, म्हणून पासची घाई करू नये.

एकच संवाद, चार तऱ्हेची पानं

एक नेहमीचा संवाद घेऊ. विरोधक गप्प आहेत. भिडूने ‘एक चौकट’ने सुरुवात केली, तुम्ही ‘एक इस्पिक’ म्हणालात, तो ‘दोन किलवर’ बोलला. त्याच्याकडे बहुधा पाच चौकट आणि चार किलवर आहेत.

पहिली पानं: इस्पिक राजा, गुलाम, ८, ४, २, बदाम ९, ७, ५, चौकट राणी, ६, किलवर ८, ४, ३. गुण सहा. पाच पानांचं इस्पिक परत बोलायचा मोह होतो. तो आवरावा, कारण भिडूकडे इस्पिकचं एकच पान असू शकतं. किलवर तीन आहेत म्हणून पास करावासा वाटतो. तोही टाळावा. इथली चांगली बोली ‘दोन चौकट’. किलवरमध्ये चार अधिक तीन आणि चौकटमध्ये पाच अधिक दोन, बेरीज दोन्हीकडे सातच. पण पाच पानांचा हुकूम खेळायला सहसा सोपा जातो. शिवाय भिडूकडे सतरा-अठरा गुण असतील तर त्याला आणखी एक संधी मिळते. पास केला की दार बंद.

दुसरी पानं: इस्पिक राजा, गुलाम, ९, ८, ५, २, बदाम राजा, ७, ५, चौकट ६, किलवर ८, ४, ३. गुण सात, पण इस्पिक सहा. आता ‘दोन इस्पिक’ रास्त आहे. ही बोली भिडूला सांगते की रंग लांब आहे, ताकद बेताची आहे, जास्तीचं काही नसेल तर इथेच राहू.

तिसरी पानं: इस्पिक राजा, राणी, ८, ४, बदाम राजा, गुलाम, ५, चौकट गुलाम, ६, २, किलवर गुलाम, ७, ४. गुण अकरा, पानं समतोल, आणि न बोललेल्या बदामात अडवायची सोय आहे. ‘दोन नो ट्रंप’ बोला. एका बोलीत ताकद, ठेवण आणि बदामचा स्टॉपर, तिन्ही कळलं. किमान पानं असतील तर भिडू थांबेल, थोडी जास्त असतील तर तीन नो ट्रंप बोलेल.

चौथी पानं सर्वांत रंजक आहेत: इस्पिक एक्का, राणी, ८, ४, २, बदाम ९, ७, ५, चौकट राजा, ६, किलवर राजा, गुलाम, ४. गुण तेरा. गेम हवाच, पण कुठला? बदामात काहीच नसताना तीन नो ट्रंप बोलवत नाही. चार इस्पिक बोलावं तर भिडूकडे तीन इस्पिक आहेत की एक, ते माहीत नाही. सहा पानं असल्याचा आव आणून इस्पिक परत बोलणं म्हणजे भिडूची फसवणूक.

चौथा रंग

या पेचावर तोडगा निघाला तो इंग्लंडमध्ये. नॉर्मन स्क्वायर यांच्या नावाशी जोडली गेलेली ‘फोर्थ सूट फोर्सिंग’ ही पद्धत सांगते की तीन रंग बोलून झाल्यावर उरलेला चौथा रंग बोललात, तर त्या रंगाचा दावा समजायचा नाही. तो प्रश्न आहे: ‘माझ्याकडे गेमची ताकद आहे, तुझ्याबद्दल आणखी सांग.’ ओपनरने पास करायचा नाही. अनेक जोड्या ही बोली गेमपर्यंत बांधील मानतात.

म्हणून या पानांवर ‘दोन बदाम’ बोला. भिडूकडे बदामचा स्टॉपर असेल तर तो नो ट्रंपकडे वळेल, तीन इस्पिक असतील तर ‘दोन इस्पिक’ म्हणेल. समजा त्याची पानं अशी: इस्पिक राजा, ७, ३; बदाम ४; चौकट एक्का, राणी, गुलाम, ५, ३; किलवर राणी, ९, ८, ३. त्याने ‘दोन इस्पिक’ सांगितलं आणि तुम्ही ‘चार इस्पिक’ बोललात. बाहेरचे पाच इस्पिक तीन-दोन विभागले गेले, जे सुमारे ६८ टक्के वेळा घडतं, की बदामचा एक हात आणि किलवरचा एक्का देऊन अकरा हात होतात. याच पानांवर तीन नो ट्रंप खेळला असतात आणि बदामची उतारी आली असती, तर विरोधकांकडे बदामची नऊ पानं आहेत, त्यांत एक्क्यापासून दश्शीपर्यंतची सगळी. पाच हात तिथेच गेले असते आणि गेम बुडाला असता. दोघांचे मिळून गुण पंचवीसच. योग्य प्रश्न विचारला गेला म्हणून ते कामी आले.

आधार मिळाला की पुन्हा मोजा

आता वेगळा संवाद: ‘एक चौकट, एक इस्पिक, दोन इस्पिक’. तुमच्याकडे इस्पिक राजा, राणी, ८, ७, ५, बदाम एक्का, ९, ६, ३, २, चौकट ४, किलवर ७, २. चित्रांचे गुण नऊ, म्हणून पास, असं म्हणून पानं टाकणारे खूप भेटतात. पण नऊ हुकुमांची खात्री झाल्यावर ही पानं नऊची राहत नाहीत. एकेरी चौकटीचे दोन आणि दुहेरी किलवरचा एक धरला तरी बारा होतात. चौकटीत दुसरा हात जात नाही आणि भिडूच्या हुकुमांवर बदाम मारता येतात. निदान आमंत्रण द्यायलाच हवं, आणि धीट खेळाडू सरळ चार बोलतील.

याची दुसरी बाजूही खरी आहे. भिडूच्या रंगात तुमच्याकडे एकच पान आहे, तुमच्या रंगात त्याच्याकडे काही नाही, अशा वेळी अकरा गुण नऊचे वाटायला हवेत. पानं जुळत नसल्याचं जितक्या लवकर ओळखाल, तितक्या खालच्या पातळीवर थांबाल.

जुना रंग थांबवतो, नवा रंग चालवतो

एवढ्या बोली लक्षात कशा ठेवायच्या, असं नवशिके विचारतात. माझ्या अनुभवात एक सूत्र बहुतेक प्रसंगी साथ देतं. दुसऱ्या बोलीत आधी बोललेला रंग किंवा नो ट्रंप खालच्या पातळीवर आला, तर ती मर्यादित बोली. भिडू थांबू शकतो. तोच एक पायरी उडी मारून आला तर आमंत्रण. नवा, विशेषतः चौथा रंग आला तर संवाद चालू ठेवायचा.

ओपनरने ‘एक नो ट्रंप’ सांगितल्यावर मात्र बऱ्याच जोड्या न बोललेल्या किलवर किंवा चौकटीला खास प्रश्नाचं काम देतात. ‘एक चौकट, एक इस्पिक, एक नो ट्रंप’नंतरचे ‘दोन किलवर’ विचारतात: तुझ्याकडे तीन इस्पिक आहेत का, की चार बदाम? त्यासाठी निदान आमंत्रणाची ताकद हवी. आणि ओपनर ‘एक चौकट’नंतर ‘दोन बदाम’ असा वरचा रंग बोलला, म्हणजे रिव्हर्स केला, तर त्याच्याकडे सोळा-सतरा किंवा जास्त आहेत. तिथे सहा गुणांवरही पास चालत नाही.

भिडूशी केलेला करार

या साऱ्याला अर्थ येतो तो दोघांनी आधी बसून ठरवलं तरच. चौथा रंग एका फेरीपुरता बांधील की गेमपर्यंत? रिव्हर्सनंतर कमजोर पानं कशी दाखवायची? टेबलावर हे विचारता येत नाही. बोली एवढीच तुमची भाषा. तुम्ही विचारात पडून उशीर केलात, तर त्या उशिरातून भिडूने काही ताडून त्याचा फायदा घेणं नियमबाह्य आहे. मोठ्या स्पर्धांत भिडू एकमेकांना दिसू नयेत म्हणून टेबलावर आडवा पडदा लावतात. १९७५ च्या बर्म्युडा बोल स्पर्धेत तो प्रथम वापरला गेला. असा उशीर टाळायचा, तर पहिलं उत्तर देतानाच पुढचा विचार करून ठेवावा: भिडू अमुक बोलला तर मी काय म्हणेन? हा सराव असला की दुसऱ्या बोलीला अडखळायला होत नाही.

भिडूंमधली समज किती लांब नेते, हे भारताने पाहिलं आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुष दुहेरीचं सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा ते अनुक्रमे ६० आणि ५६ वर्षांचे होते. मिश्र सांघिक कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात मुंबईच्या हेमा देवरा होत्या. पुढच्या, हांगझोऊच्या खेळांत आपल्या पुरुष संघाने रौप्यपदक आणलं. साठीच्या आसपासही या पातळीवर खेळता येतं, कारण इथे पायांपेक्षा विचार चपळ लागतो आणि भिडूवर विश्वास लागतो.

दिवाळीच्या सुटीत घरात चार माणसं जमली आणि पत्त्यांचा जोड निघाला, तर एक करून पाहा. डाव संपल्यावर कोणी चुकीचं पान टाकलं यावर वाद घालण्याआधी बोली पुन्हा म्हणा आणि उत्तर देणाऱ्या भिडूच्या दुसऱ्या बोलीवर थांबा. ती ठरवणारी होती, आमंत्रण देणारी होती की विचारणारी? बोलणाऱ्याच्या मनात जे होतं तेच समोरच्याला कळलं का? दोघांचं उत्तर एकच येईपर्यंत हे करत राहा. जिथे ते जुळत नाही, तिथे जोडीचा पुढचा करार कागदावर लिहून ठेवा आणि पुढचा डाव वाटा.