पलसाणा : सुरतेच्या वेशीवरील मुक्काम

सुरतेस जावयाचे ठरले म्हणजे आपल्या गावांतील कुटुंबांपुढे दोन प्रश्न उभे राहतात : उतरावे कोठे आणि पाहावे काय? कोणी लग्नाचे कापड घ्यावयास जातो, कोणी नोकरीनिमित्त तेथे राहणाऱ्या मुलाच्या भेटीस जातो. पुष्कळदा दोन दिवस बाजारात मोडतात आणि मंडळी गाठोडी घेऊन परततात. तीन दिवसांची सवड काढल्यास तोच प्रवास मुलाबाळांना जन्मभर पुरेल इतके शिकवून जातो. म्हणून या लेखात आम्ही पलसाण्याच्या मुक्कामाचा विचार सुचवीत आहोत.

मुंबईहून दिल्लीस जाणारा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, जो जुन्या मंडळींना आठ नंबरचा रस्ता म्हणून ठाऊक आहे, तो वापी, वलसाड आणि नवसारी मागे टाकून सुरत शहराच्या आधी पलसाण्यास पोहोचतो. हजिऱ्याहून बारडोलीमार्गे धुळ्यास जाणारा ५३ क्रमांकाचा महामार्ग त्यास येथेच छेदतो. पश्चिमेस वीसपंचवीस किलोमीटरांवर सुरत, पूर्वेस साधारण पंधरावर बारडोली आणि दक्षिणेस वीसएक किलोमीटरांवर नवसारी! तिन्ही ठिकाणी सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते.

मराठी माणसास हा मुलूख परका नाही. पलसाणा हा पूर्वी गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील नवसारी प्रांताचा तालुका होता. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० पासून हा भाग गुजरात राज्यात आहे. आजही सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात.

आता उतरण्याची सोय. स्वतःचे वाहन असेल तर पलसाणा अथवा कडोदरा चोकडीच्या आसपास, महामार्गालगतच्या लॉजांत उतरावे. रात्रभर मालमोटारी धावतात, म्हणून खोली रस्त्याच्या मागील बाजूस मागावी आणि भाडे ठरविण्यापूर्वी ती डोळ्यांनी पाहून घ्यावी. प्रत्येक प्रौढ व्यक्तीने ओळखपत्र जवळ बाळगावे. आगगाडीने जाणाऱ्यांनी, विशेषतः म्हातारी माणसे बरोबर असल्यास, सुरत स्टेशनाजवळच उतरणे बरे. तेथून बारडोलीकडे जाणारी गाडी भुसावळच्या मार्गावर मिळते. पलसाण्याच्या बाजूची चलथाण आणि गंगाधरा ही स्थानकेही याच मार्गावर आहेत. मात्र तेथे सर्व गाड्या थांबत नाहीत.

आणखी एक सूचना सणासमारंभाची सवय असलेल्या आमच्या पुरुष वाचकांसाठी : गुजरातेत दारूबंदी आहे. बाटली घरीच ठेवावी. सीमेवर ती सापडली तर सहल पोलीस ठाण्यात संपेल. रविवार मध्ये येत असेल तर आपल्या धर्मगुरूंकडून तेथील चर्चचा पत्ता आणि मिस्साची वेळ आधीच मागवून घ्यावी. हा भाग बडोदे धर्मप्रांतात मोडतो. मिस्सा गुजरातीत असला तरी विधी तोच असल्यामुळे कोणी गोंधळून जात नाही.

पहिला दिवस कापडास द्यावा. शहरातील यंत्रमागांवर विणलेले कोरे कापड रंगाई व छपाईसाठी पांडेसरा, सचीन, कडोदरा, पलसाणा येथील गिरण्यांत येते आणि तेथून रिंग रोडच्या बाजारात जाते. मग साडीवर खडी आणि लेस लावण्याचे काम पुष्कळदा घरोघरी बायकांच्या हातून होते. आपल्या घरी येणारी साडी इतक्या हातांतून येते, हे मुलींना अवश्य सांगावे. बाजार रविवारी बहुतेक बंद असतो आणि दिवाळीत तर लाभपंचमीपर्यंत उघडत नाही. ते दिवस टाळावेत. हिवाळ्यात गेल्यास ज्वारीचा कोवळा पोंक, म्हणजे आपला हुरडा, खावा. लोचो आणि घारी मात्र बारमाही मिळतात.

दुसरा दिवस जुन्या सुरतेचा. १९९४ च्या प्लेगच्या साथीने हे शहर हादरले होते. त्याच शहराने २०२३ च्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरबरोबर देशात पहिले स्थान मिळविले, हे रस्त्यांवरून चालताना ध्यानात ठेवावे. तापीकाठचा किल्ला प्रथम पाहावा. पोर्तुगीजांनी १५१२, १५३० आणि १५३१ मध्ये हे शहर जाळले. तेव्हा गुजरातच्या सुलतानाच्या आज्ञेवरून खुदावंद खानाने तो बांधविला. पोर्तुगीज आपल्याच धर्माचे होते, ही गोष्ट मुलांपासून लपवू नये.

पुढे १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले, तेव्हा मोगल अधिकारी इनायत खान याच किल्ल्यात जाऊन बसला आणि शहर उघडे पडले. इंग्रजांनी व डचांनी आपापल्या वखारी शस्त्रांच्या बळावर राखल्या. परंतु त्या काळी हिंदुस्थानात असलेला फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निये याने आणखी दोन घरांची नोंद करून ठेविली आहे. एक घर होते कापुचिन संघाचे फादर आंब्रोज यांचे. हे धर्मगुरू भले लोक आहेत, त्यांना उपद्रव होऊ नये, असे महाराजांनी बजावले होते. दुसरे घर डचांच्या एका मृत हिंदू दलालाचे. तो हयातीत फार दानशूर होता असे कळल्यावरून त्याचेही घर राखले गेले.

किल्ल्यानंतर कतारगाम दरवाजाबाहेरील इंग्रजांची जुनी स्मशानभूमी पाहावी. वखारीचा बचाव करणारा जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ साली वारला. त्याच्यावर आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर याच्यावर उभारलेली घुमटाची भव्य थडगी पाहून आपण ख्रिस्ती स्मशानात आहोत की मुसलमानी मकबऱ्यात, असा क्षणभर भ्रम होतो. जवळच डचांची थडगीही आहेत. मलबारच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ सिद्ध करणारा व्हान रीडे तेथे पुरला आहे. तो १६९१ साली वारला.

तिसऱ्या दिवशी दोन वाटा आहेत. शेतकरी कुटुंबाने बारडोलीस जावे. १९२८ साली सरकारने शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला, तेव्हा वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी तो भरण्याचे नाकारले. जप्त्या आल्या, गुरे गेली, पण लोक फुटले नाहीत. अखेर चौकशी होऊन वाढ ६ टक्क्यांच्या आसपास आली आणि वल्लभभाई ‘सरदार’ झाले. तेथील स्वराज आश्रम आणि संग्रहालय शांतपणे पाहण्यासारखे आहे. समुद्राची ओढ असणाऱ्यांनी नवसारीमार्गे दांडीस जावे. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी येथे मीठ उचलून कायदा मोडला. २०१९ साली उघडलेल्या स्मारकात गांधीजींचे आणि त्यांच्याबरोबर साबरमतीहून चालत आलेल्यांचे पुतळे आहेत. आमच्या मिठागरांच्या गावांतील मुलांना मूठभर मिठाचे मोल येथे वेगळ्या रीतीने कळेल.

परतीच्या वाटेवर मुले विचारतील, फादर आंब्रोजचे घर आणि त्या दलालाचे घर कोठे होते? आईबापांनी त्यांना एवढेच सांगावे : एक घर आपल्या धर्माचे होते, दुसरे नव्हते, तटबंदी दोहोंनाही नव्हती. शेजाऱ्यांनी त्यांच्याविषयी जे सांगितले, त्यावर ती दोन्ही घरे वाचली. आपल्या घराविषयी आपले शेजारी काय सांगतील, हा विचार गाडीत बसल्या बसल्या सर्वांनी करावा.