दुचाकीचा टायर : निवड आणि निगा

ग्रामीण भागातील शिक्षक, आरोग्यसेवक आणि पंचायत सदस्य यांचा नित्याचा प्रवास आज बहुतांशी मोटारसायकलवरून होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरील होत्या. अपघातांची कारणे अनेक असतात. परंतु धावत्या दुचाकीचा रस्त्याशी संबंध प्रत्येक चाकाखालील तळहाताहूनही लहान रबरी पट्ट्यापुरताच असतो, आणि त्याची निगा चालकाच्याच हाती असते.

टायर घेताना त्याच्या बाजूवरील अक्षरे वाचावीत. ‘८०/१००-१८ ५४ पी’ म्हणजे रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के आणि रिमचा व्यास १८ इंच. ५४ या भारांकाचा टायर २१२ किलोग्रॅम भार पेलतो. ‘पी’ हे अक्षर ताशी १५० किलोमीटर ही वेगमर्यादा दर्शविते. रुबाबासाठी रुंद टायर बसविण्याची हौस तरुण मंडळींत दिसते. पण मूळच्या अरुंद रिमवर त्याचा आकार बिघडतो व वळणावर गाडी जड वाटते. वाहनाच्या माहितीपुस्तिकेतील मापच घ्यावे.

त्याच बाजूवर चार आकडे असतात. २३२४ याचा अर्थ २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झालेले उत्पादन. रबर न वापरताही जुने होते, म्हणून दुकानात वर्षानुवर्षे पडून असलेला टायर दिसायला कोरा असला तरी घेऊ नये.

निगेत सर्वांत महत्त्वाची हवा, आणि नेमकी तीच दुर्लक्षित राहते. उन्हाळ्यात टायर फुटेल या भीतीने हवा कमी ठेवण्याची समजूत गावोगाव रूढ आहे. वस्तुस्थिती उलट आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतात व उलगडतात; या सततच्या घुसळणीने उष्णता वाढते आणि टायर आतून कमकुवत होतो. हवा प्रमाणाबाहेर भरली तर मधलाच भाग झिजतो व पकड घटते. दाब आठवड्यातून एकदा, गाडी चालविण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावा. मागे कोणी बसणार असल्यास मागच्या चाकातील दाब पुस्तिकेत दिल्याप्रमाणे वाढवावा.

नक्षीच्या खाचा चाकाखालचे पाणी बाजूला सारतात. दुचाकीसाठी त्यांची किमान खोली नियमाने ०.८ मिलिमीटर आहे. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. झिजलेला पृष्ठभाग त्यांच्या पातळीला आला की टायर बाद समजावा. आंबोली किंवा आंबा घाटातून पावसाळ्यात ये-जा करणाऱ्यांनी मात्र त्या मर्यादेची वाट न पाहता मृगापूर्वीच टायर बदलणे इष्ट.

मागचा झिजलेला टायर पुढे बसवून काटकसर करण्याची रीतही आढळते. ती सोडून द्यावी. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो; गाडी थांबविण्याचे मोठे काम तेच करते. नव्या टायरचा पृष्ठभाग प्रारंभी गुळगुळीत असतो, म्हणून पहिले शंभर किलोमीटर वळणे व ब्रेक सावकाश घ्यावेत. बाभळीच्या काट्याने मध्यभागी पडलेले बारीक छिद्र दुरुस्त करता येते. बाजूच्या भिंतीला छिद्र वा चीर पडल्यास ठिगळ न लावता टायरच बदलावा.