अहिफेन : घटकद्रव्ये, गुणकर्म व मर्यादा

कापूस वेचणीच्या दिवसांत तान्ह्या बाळाचे जुलाब थांबावेत व त्याने शांत झोपावे, म्हणून ‘अफूचा कण द्यावा काय?’ असे बिडकीन परिसरातील एखादी आजी आम्हांस आजही विचारते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियाही तान्ह्यांना अफूयुक्त ‘बाळागोळी’ देत असत. या प्रश्नाचे उत्तर द्रव्यगुण व रसायनशास्त्र एकमुखाने देतात.

शार्ङ्गधराने अहिफेन हे व्यवायी द्रव्याचे उदाहरण दिले आहे. म्हणजे पचनापूर्वीच सर्व शरीर व्यापणारे. भावप्रकाशात ते शोषक, ग्राही, श्लेष्मघ्न व वातपित्तकर म्हटले आहे.

खसखशीच्या कच्च्या बोंडास चिरा दिल्यावर स्रवणारा चीक वाळला की अफू होते. तीत सुमारे १० टक्के मॉर्फीन असते. शिवाय नॉस्कापीन, कोडीन, थिबेन, पॅपॅव्हरीन व मेकॉनिक आम्ल. मॉर्फीन वेदना शमविते व आंत्रगती मंदावते; हेच ग्राहित्व. कोडीन व नॉस्कापीन कासहर आहेत. पॅपॅव्हरीन आतड्यांच्या व रक्तवाहिन्यांच्या स्नायूंचा ताण सैल करते.

परंतु मॉर्फीन श्वसनकेंद्रही मंदावते. तान्ह्याचे यकृत व वृक्क अपरिपक्व असतात आणि कणातील मॉर्फीन कोणासच मोजता येत नाही. म्हणून शांत झोप वाटते ती कधी कधी श्वासरोधाची सुरुवात असते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मंद, ओठ निळसर दिसल्यास क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे. तेथे दिले जाणारे नॅलोक्सोन हे प्रतिविष याच चिकातील थिबेनपासून बनविता येते, हे विशेष.

आमातिसारात आरंभीच स्तंभन करू नये, ही शास्त्राज्ञा आहे. दोष आत कोंडला जातो. जुलाब थांबलेले दिसतात, रोग थांबत नाही. बाळास स्तनपान, जलसंजीवनी व झिंक हेच हितकर.

प्रौढांच्या पक्वातिसारात कर्पूररसासारखे कल्प, आर्द्रक स्वरसाने शोधित अहिफेनाचे, अल्प मात्रेत व अल्पकाळ वैद्याने योजावेत. औषध नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत बीज वगळून अहिफेनाचा समावेश आहे. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याचे बंधनही आहे. कर्करोगाच्या असह्य वेदनेत मॉर्फीन रुग्णांस सुलभ व्हावे, म्हणून २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली.

द्रव्य तेच, वय, अवस्था व मात्रा यांनी ते औषध वा विष ठरते. त्या आजीस आम्ही ‘नाही’ म्हणतो आणि कारणही समजावून सांगतो. कारण सांगितल्याविना दिलेला नकार घराबाहेर पडताच विसरला जातो.