घड्याळातली शंका

मित्रहो, गेल्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "काळ सगळीकडे सारखाच चालतो की नाही, यावर तत्त्वज्ञांनी खुशाल वाद घालावा, पण त्यावाचून कुणाचं काय अडतं?" अडतं. एकदा तर चक्क अमेरिकी लष्कराचं अडलं होतं.

२३ जून १९७७ रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरून ॲटलस अग्निबाणाने 'एनटीएस-२' हा उपग्रह सोडण्यात आला. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेचा हा उपग्रह म्हणजे आज आपल्या फोनमध्ये असलेल्या जीपीएसची रंगीत तालीम होती. तेव्हाचा हेतू मात्र लष्करी. आपलं जहाज, आपलं विमान नेमकं कुठे आहे, हे कळायला हवं होतं.

ते कळतं कसं? उपग्रह सतत सांगत असतो, "मी इथे आहे, आणि आत्ता इतके वाजलेत." तो संदेश पोचायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढायचं. असे चार उपग्रह मिळाले की आपलं ठिकाण सापडतं. म्हणजे घड्याळ चुकलं की ठिकाण चुकलंच! म्हणून या उपग्रहात सीझियमचं आण्विक घड्याळ बसवलं होतं. असं घड्याळ कक्षेत प्रथमच जात होतं.

आता कक्षेत जायचं म्हणजे नुसतं उंच जाऊन भागत नाही, वेगही लागतो. नाहीतर उपग्रह खाली येईल. याची उंची सुमारे २०,००० किलोमीटर, आणि १२ तासांत पृथ्वीभोवती एक फेरी. आइन्स्टाईनच्या सिद्धांतानुसार वेगामुळे घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. पण तिथे गुरुत्वाकर्षण क्षीण, त्यामुळे ते ४५ मायक्रोसेकंद पुढेही जातं. वजाबाकी केली की उरतात ३८. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. क्षुल्लक वाटतं ना? पण तेवढ्यात प्रकाश ११ किलोमीटर जातो!

प्रकल्पातल्या काहींना हे पटत नव्हतं. मग काय केलं? हात वर करून बहुमत घेतलं नाही. गती दुरुस्त करणारं उपकरण उपग्रहात बसवलं, पण बंद ठेवलं. सुमारे २० दिवस घड्याळ जसं चालेल तसं चालू दिलं. गणिताप्रमाणे ते एक लाख कोटी भागांत ४४६.५ भाग जलद चालायला हवं होतं. मोजलं तर ४४२.५ भाग. मग दुरुस्ती चालू केली.

"शंका घ्या" असं मी वर्गात जन्मभर सांगत आलो. पण शंका घेणं सोपं आहे हो. आपलं म्हणणं खोटं ठरलं तर काय करायचं, याची सोय आधीच करून ठेवणं अवघड. इथे मानणाऱ्यांनी परीक्षा होऊ दिली आणि न मानणाऱ्यांनी निकाल स्वीकारला. आपल्या वादांमध्ये असं एखादं बटण असतं का, हे ज्याने त्याने तपासावं.

चला, आता प्रश्न घेऊ.